‘कारण’ नावाचा रकाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष श्री. विल्सन तेचेरा, ज्यांनी लिहिलेलं एक अक्षरही मी सलग सहा वर्षं वाचलं नाही. व्यासपीठावर बसलेल्या आपल्या गिचोन गावच्या नगराध्यक्षा ग्लोरियाबाई बेन्तान्कूर, ज्यांनी क्लबचा हा हॉल आज आपल्यासाठी मोकळा करून दिला. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या दोन्या आयदे, म्हणजे आयदेबाई. आणि ‘ला पिकेरा’ फोरमच्या माझ्या सदस्य बंधुभगिनींनो. अंडी, अळ्या, कोष, कामकरी आणि मागे दाराजवळ बसलेले समस्त नर, सर्वांना या अस्वलाचा नमस्कार.

ग्लोरियाबाई दचकल्या. त्यांना वाटलं, मिल्तोन लारोसाने माइक हातात येताच लोकांना शिव्या द्यायला सुरुवात केली. नाही बाई, अस्वल हे माझं फोरमवरचं नाव आणि बाकीचे आमचे दर्जे आहेत. आमच्या फोरमवर नाव नोंदवलं की माणूस अंडं होतो. दहा वेळा काही लिहिलं की अळी, पन्नास वेळा लिहिलं की कोष आणि दोनशेच्या वर गेला की कामकरी माशी. जो वर्षानुवर्षं सगळं वाचतो, सगळ्यांचं ज्ञान फुकटात घेतो आणि स्वतः एक ओळ लिहीत नाही, तो नर. हे नाव दोन्या आयदेंचे यजमान कैलासवासी ‘दोन’ रुबेन, म्हणजे आपले रुबेनराव, यांनी ठेवलं. आज हॉलमध्ये नर किती आहेत, जरा हात वर करा बघू. पाहिलंत? हातसुद्धा अर्धेच वर करतात.

आता ‘पिकेरा’ म्हणजे मधपेटीचं खालचं दार, बोटभर उंचीची फट. मधमाश्या तिथून ये-जा करतात आणि दोन-चार माश्या तिथे पहाऱ्याला उभ्या असतात. परकी माशी आली, गांधीलमाशी आली की आधी या सामोऱ्या जातात. म्हणून आमच्याकडे फोरम सांभाळणाऱ्याला राखणदार म्हणतात. तो शेवटचा दर्जा. तो कितीही लिहिलं तरी आपोआप मिळत नाही, द्यावा लागतो. दोन रुबेन गेल्यापासून बारा वर्षं या दारावर जी राखणदार उभी होती, ती आज साल्तोला, मुलीकडे राहायला चालली आहे.

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे. बाहेर कोकरू भाजतंय आणि ते आरियेलच्या हाती दिलेलं आहे, तेव्हा कुणालाही घाई करण्याचं कारण नाही. शिवाय माझ्या पोटात एक गोष्ट गेल्या सोमवारपासून उकळते आहे. माझी बायको माबेल म्हणते, तू चार दिवस स्वयंपाकघरात नुसता येरझारा घालतोयस, ‘माते’ चहाचं पाणी तीनदा उतू जाऊ दिलंस. ती गोष्ट आज सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. दोन्या आयदे, मान हलवू नका. तुमच्या हातात आता बटन नाही.

मंडळी, या बाईंबद्दल एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मधमाशी पाळणाऱ्यांच्या फोरमची ही राखणदार, पण हिने आयुष्यात एकही मधपेटी उघडलेली नाही. एक माशी चावली तर हिला सरळ पायसांदूच्या इस्पितळात न्यावं लागतं. नवऱ्याच्या माश्या तिने कायम खिडकीच्या काचेआडून पाहिल्या. तीस वर्षं ती आपल्या पोस्टात पत्रं वेगळी काढायच्या कामाला होती. दोन रुबेन गेले तेव्हा माश्या त्यांच्या भावाने नेल्या, आणि फोरमचं काय करायचं असा प्रश्न आला. ती म्हणाली, “पत्रं वेगळी करणं मला येतं.” झालं. बारा वर्षं तिने आमची पत्रं वेगळी केली. सोयाबीनवरच्या फवारणीच्या सूचना एका विभागात, आजार एका विभागात, मधाचे गोड पदार्थ एका विभागात आणि आमची भांडणं जिथे असतील तिथे.

तिचे दोन नियम होते. पहिला, माणसाने लिहिलेलं ती पुसत नसे. लिहिल्यावर पंधरा मिनिटं दुरुस्तीला मुभा, सोळाव्या मिनिटाला दगडावरची रेघ. दुसरा नियम मूळचा दोन रुबेन यांचा. त्यांनी एकदा रागाच्या भरात एका सदस्याला काढून टाकलं आणि आठवड्याने का काढलं तेच त्यांना आठवेना. तेव्हापासून फोरममध्ये त्यांनी एक रकाना बसवून घेतला. कुणाचाही दर्जा बदलायचा असेल, कुणाला चढवायचं, उतरवायचं किंवा बाहेर काढायचं असेल, तर आधी ‘कारण’ या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं. रिकामा ठेवला तर बटन दाबलंच जात नाही. ती नोंद फक्त राखणदाराला दिसते. हा रकाना लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता माझ्या अपराधाकडे वळतो.

सात वर्षांपूर्वी, एका ऑक्टोबरात, मी माझ्या सर्वोत्तम पेटीचा फोटो फोरमवर टाकला. चौकट अशी भरलेली होती की बघत राहावं. खाली लिहिलं, “गिचोनच्या अस्वलाची राणी. कुणाला काही बोलायचंय?” असा प्रश्न माणूस कशासाठी विचारतो? कुणी काही बोलावं म्हणून विचारतो का? वाहवा करावी म्हणून विचारतो. वीस मिनिटांत उत्तर आलं. लिहिणारे होते विल्सन तेचेरा, धावपट्टीवर विमानांत तेल भरणारे, ज्यांना मी तेव्हा कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी लिहिलं, “अंडी विखुरलेली आहेत. राणी म्हातारी झाली आहे. बदला.”

एवढंच. ‘छान’ नाही, ‘अभिनंदन’ नाही. आणि त्याखाली अंगठे यायला लागले. आमच्याकडे आवडलं की अंगठा दाबतात आणि कुणीकुणी दाबला त्यांची नावं खाली दिसतात. त्रेचाळीस अंगठे आले. त्रेचाळीस. त्यांत आरियेलही होता, ज्याने ती राणी मला विकली होती.

त्या दिवशी मला एका बटनाचा शोध लागला. कुणाच्याही नावावर बोट ठेवलं की खाली बारीक अक्षरांत येतं, ‘या सदस्याकडे दुर्लक्ष करा’. मी दाबलं. काय सांगू तुम्हाला, किती गार वाटलं. माणूस नाहीसाच झाला. त्याने लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीच्या जागी एक राखाडी पट्टी यायची, ‘हा मजकूर तुम्ही लपवला आहे’. प्रत्यक्ष आयुष्यात असं बटन असतं तर आपल्या गावात निम्मी माणसं दिसली नसती.

पण अशा बटनाचे परिणाम काय असतात, हे कुणी सांगतं का? पहिलं म्हणजे, मला गप्पांमध्ये भोकं दिसायला लागली. कुणीतरी विचारायचं, “माझ्या पेटीत मुंग्या शिरल्यात, काय करू?” मग एक राखाडी पट्टी. मग चार जण, “अगदी बरोबर.” “हेच सांगणार होतो.” काय बरोबर, कुणास ठाऊक. मग मी बाह्या सरसावून सविस्तर उत्तर लिहायचो, की पेटीच्या पायाखाली तेलाचे डबे ठेवा. मला काय माहीत की वरच्या राखाडी पट्टीत विल्सनने अर्ध्या तासापूर्वी शब्दन्‌शब्द तेच लिहिलंय? सहा वर्षं मला वाटत होतं, लोक माझ्या ज्ञानावर खूश होऊन हसतात. लोकांना वाटत होतं, अस्वल विल्सनची उत्तरं चोरतं आणि वर त्याची दखलही घेत नाही. हसा, हसा. आता मीही हसतो.

दुसरा परिणाम मात्र हसण्यासारखा नव्हता.

तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे जानेवारीत, भर उन्हाळ्यात, सोयाबीनवर विमानाने फवारणी होते. दिवसाढवळ्या विमान आलं आणि माश्या बाहेर असल्या तर खेळ संपला. म्हणून दोन्या आयदेंनी फवारणीचा एक वेगळा विभाग केला होता. तिथे कुणी सूचना लिहिली की तीस किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक सदस्याचा फोन वाजतो, आणि वाचल्यावर ‘पाहिलं’ अशी खूण करायची असते. आता विमान कधी उडणार हे सगळ्यांत आधी कुणाला कळणार? जो विमानात तेल भरतो त्याला. दहातल्या आठ सूचना विल्सनच्या असायच्या. आणि ज्या सदस्याकडे तुम्ही दुर्लक्ष केलंय, त्याच्या सूचनेने तुमचा फोन वाजत नाही.

आधीच्या पाच उन्हाळ्यांत मी नशिबाने वाचलो. कधी दुसऱ्या कुणी सूचना टाकली, कधी वारा फिरला. मागच्या वर्षी, जानेवारीच्या सतरा तारखेला, सकाळी आठला विमान आलं. माझ्या एकशे नऊ पेट्या निलगिरीच्या कडेला होत्या. दुपारी मी गेलो तेव्हा पेट्यांच्या दारांसमोर माश्यांचा थर पडला होता, पायाखाली कुरकुरत होता. काही अजून गरगर फिरत होत्या. राखणदार माश्या दारातच मेल्या होत्या, एकीवर एक. एक्केचाळीस पेट्या गेल्या. मी तिथे गवतावर बसून रडलो. माबेलने गाडीतून पाहिलं आणि ती गाडीतून उतरली नाही, मला एकट्याला रडू दिलं.

आणि मग मी घरी येऊन काय केलं? फोरमवर जाऊन आग ओकली. तुम्ही सगळ्यांनी मला अंधारात ठेवलं, मी मेलो तरी तुम्हाला काय, असलं बरंच काही. दोन्या आयदेंचं उत्तर आलं. तुमच्यातल्या पुष्कळांना ते पाठ असेल. “अस्वल, पत्र पोचलं होतं. दोन दिवस आधी. तुम्ही दार उघडलं नाहीत.”

मला तेव्हा कळलं काय झालंय. आणि कळल्यावर माणसाने काय करावं? बटन परत दाबून ते दुर्लक्ष काढून टाकावं. एका बोटाचं काम. मी काय केलं? मी लिहिलं, “त्याचं पत्र वाचण्यापेक्षा माश्या गेलेल्या बऱ्या.”

हे मी लिहिलं. या हाताने लिहिलं. विसाव्या मिनिटाला मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी पुसायला गेलो, तर मुदत संपलेली. मी दोन्या आयदेंना खासगी संदेश पाठवला, तेवढं वाक्य काढा. त्या म्हणाल्या, “माणसाने लिहिलेलं मी पुसत नाही. माणसाने स्वतः बदलावं.” ते वाक्य अजून तिथे आहे. त्याखाली एकही अंगठा नाही, आरियेलचासुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तरी शहाणा झाला असेल. मंडळी, हट्टी माणूस नुकसान झालं की शहाणा होत नाही, आणखी हट्टी होतो, कारण आता त्या हट्टाची किंमत मोजलेली असते. माबेल म्हणाली, “मिल्तोन, ते बटन उलटं फिरव.” मी म्हटलं, “आरियेल मला फोन करणार आहे. तसं ठरलंय.” ती म्हणाली, “आरियेल?” मी म्हटलं, “हो, आरियेल.” ती म्हणाली, “अडुसष्ट पेट्या उरल्यात. या गेल्या तर मी माझ्या बहिणीकडे जाते, तू आणि आरियेल इथे राहा.” आणि ती हे रागावून बोलली नव्हती, बटाटे सोलत बोलली होती. तेव्हा मी घाबरलो. पण बटन काही फिरवलं नाही.

मग आला या वर्षीचा जानेवारी. पाच तारखेला फोरमवर घोषणा झाली, ‘विल्सन तेचेरा यांची राखणदार म्हणून नेमणूक करण्यात येत आहे.’ बारा वर्षांत दुसरा राखणदार नाही, आणि नेमला तर हा. मी दोन्या आयदेंना पानभर संदेश लिहिला. वशिला, पक्षपात, दोन रुबेन असते तर, सगळं त्यात होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं, “नेमणूक झाली आहे. मे महिन्यात बोलू.” मे महिना का, ते मला कळलं नाही. फवारणीचा हंगाम एप्रिलपर्यंत असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आठ तारखेला दुपारी चार वाजता मी अंगणात चौकटी ठोकत बसलो होतो. फोन वाजला. फवारणी विभाग. ‘उद्या सकाळी साडेसहा, ओढ्याच्या पश्चिमेची सगळी शेतं. पेट्या आज संध्याकाळी बंद करा.’ खाली नाव, विल्सन तेचेरा.

आता मी जे सांगणार आहे, ते ऐकून मला माफ करा. माझ्या अडुसष्ट पेट्या ओढ्याच्या पश्चिमेला आहेत. उद्या सकाळी त्या मरणार आहेत, हे माझ्या हातात लिहून आलंय. आणि मी पहिली गोष्ट काय केली? तक्रार विभागात जाऊन लिहिलं, “दुर्लक्ष बटन बिघडलं आहे. नको असलेल्या सदस्याचा मजकूर दिसत आहे. ताबडतोब दुरुस्त करावं.” आठ मिनिटं लागली मला ते लिहायला. शब्द जुळवून लिहिलं. दोन्या आयदेंचं उत्तर लगेच आलं, “तक्रार नोंदवली आहे. सध्या दुरुस्त होण्यासारखं नाही. पेट्या किती आहेत तुमच्या?”

पेट्या किती. तेव्हा मी उठलो. माबेलला हाक मारली, गोणपाटं गोळा केली, टाकीत भिजवली. आणि जाता जाता माझ्या बोटाने, मी नाही हं, बोटाने, त्या सूचनेखाली ‘पाहिलं’ अशी खूण केली.

पाच मिनिटांत खासगी संदेश आला. विल्सनचा. “किती पेट्या? माणसं किती?”

मी लिहिलं, “अडुसष्ट. दोन.”

पुढे काही आलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. माहीत असणाऱ्यांना माहीत आहे, पेटी सूर्य असताना बंद करता येत नाही, अर्ध्या माश्या बाहेर असतात. अंधार पडायच्या आतल्या एका तासात सगळं करायचं. शेवटची माशी आत गेली की दाराला जाळी, वर ओली गोणपाटं, झाकणाला हवेची फट. दोन माणसांत अडुसष्ट होत नाहीत. माबेल म्हणाली, “तीस वाचतील. कुठल्या तीस ते ठरव.” ते मला ठरवता येईना. आपल्या माश्यांत डावं-उजवं कसं करायचं? तेवढ्यात ओढ्याकडून एक जुनी गाडी आली. मागे ओल्या गोणपाटांचा ढीग, आणि पुढे एक ठेंगणा माणूस, कपड्यांना विमानाच्या तेलाचा वास.

त्याने मला खालीवर पाहिलं. म्हणाला, “अस्वल तू?”

मी म्हटलं, “हो.”

“फोटोत जास्त जाड दिसतोस.”

“तू फोटोत दिसतच नाहीस.”

“तुला कसा दिसणार?” तो म्हणाला आणि गोणपाटं उतरवायला लागला.

पुढचा सव्वा तास आम्ही तिघं कामाला लागलो. फक्त “जाळी दे”, “इकडे उचल”, “थांब, अजून चार आत यायच्यात.” तो शेवटच्या चार माश्यांसाठीसुद्धा थांबायचा. ज्याच्या माश्या नव्हत्या तो थांबायचा आणि मी घाई करायचो. शेवटच्या रांगेत ती फोटोतली पेटी होती. त्याने ती लगेच ओळखली, झाकणावरच्या निळ्या रंगावरून. दाराला जाळी लावता लावता, वर न बघता विचारलं, “राणी बदललीस?”

“नाही.”

“आता तर पार म्हातारी झाली असेल.”

“आता आपोआप दुसरी झालीय. पेटीनेच बदलली.”

“मग माश्यांना पटलं होतं म्हणायचं,” तो म्हणाला. माबेल इतकी हसली की तिच्या हातातली जाळी पडली.

अडुसष्टच्या अडुसष्ट वाचल्या, मंडळी. सकाळी साडेसहाला विमान गेलं, आम्ही बांधावर उभं राहून पाहिलं. दोन दिवसांनी दारं उघडली आणि त्या बाहेर आल्या. मी विल्सनला म्हटलं, “थांब, माते पिऊन जा.” तो थांबला. तेव्हापासून तो दर रविवारी थांबतो, त्यामुळे आमच्या घरात साखर टिकत नाही.

त्या आठवड्यात मी ते बटन उलटं फिरवलं आणि सहा वर्षांच्या राखाडी पट्ट्या उघडून वाचल्या. एकेक करून वाचल्या. मी सहा वर्षांत एकतीस प्रश्न विचारले होते. एकतीसच्या एकतीस प्रश्नांना या माणसाने उत्तरं दिली होती, आणि मी कधी आभार मानले नाहीत तरी पुढच्या प्रश्नाला पुन्हा दिलं होतं. त्यांतली एकोणतीस बरोबर होती. दोन चुकीची होती, ते मी त्याला कळवलेलं आहे. माझी आई गेली तेव्हा मी फोरमवर दोन ओळी लिहिल्या होत्या. त्याखाली त्याचीही दोन ओळींची राखाडी पट्टी होती. ती काय होती ते मी इथे सांगणार नाही. अध्यक्षमहाराज, ती मला चार वर्षं उशिरा पोचली, पण पोचली.

हे सगळं मला जानेवारीतच कळलं होतं. मग मी सोमवारपासून का येरझारा घालतोय?

तर सोमवारी दोन्या आयदेंनी मला घरी बोलावलं. म्हणाल्या, “मी चालले. एकट्या विल्सनने होणार नाही. आजपासून तुम्हीही राखणदार.” मला हसू आवरेना. मी? ज्याच्या नावावर फोरमच्या इतिहासातलं सगळ्यांत वाईट वाक्य आहे तो? त्यांनी मला खुर्चीत बसवलं, चाव्या म्हणजे परवलीचे शब्द लिहून दिले आणि दोन रुबेन यांनी हाताने लिहिलेली राखणदाराची नियमावली समोर ठेवली. तिसऱ्या पानावर लिहिलंय, ‘राखणदाराकडे कुणालाही दुर्लक्ष करता येत नाही. राखणदारालाही कुणाकडे दुर्लक्ष करता येत नाही. ते बटन त्याच्यासाठी चालत नाही.’

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग घरी येऊन जुन्या नोंदी उघडल्या. पाच जानेवारी शोधला.

माझं बटन बिघडलेलं नव्हतं, मंडळी. विल्सन राखणदार झाला त्या मिनिटापासून त्याच्या नव्या मजकुरापुरतं माझं बटन आंधळं झालं, जुन्या पट्ट्या तेवढ्या तशाच राहिल्या. अध्यक्षमहाराज, तुम्हाला वाटत होतं ती नेमणूक तुमच्या ज्ञानामुळे झाली. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून तर मी जळत होतो. तुम्ही लायक होतातच, कुणी नाही म्हणत नाही. पण हंगामाच्या तोंडावर, त्या दिवशीच का, हे तुम्हाला या क्षणापर्यंत माहीत नाही, कारण राखणदार असूनही जुन्या नोंदी तुम्ही कधी उघडल्याच नाहीत. तुम्ही रुमाल काढून ठेवा, मीही काढलाय.

मी ती नोंद कागदावर उतरवून आणलीय. दोन्या आयदे, आता डोळे मिटून काही उपयोग नाही. वाचतो.

‘सदस्य: विल्सन तेचेरा. आधी: कामकरी. आता: राखणदार. कारण: अस्वल हट्टी आहे. माश्यांनी काय केलंय?’

एवढंच लिहिलंय.

ज्या बाईला एक माशी चावली तर इस्पितळ गाठावं लागतं, तिने माझ्या माश्यांसाठी नवऱ्याच्या फोरमचा दुसरा राखणदार नेमला. मी पानभर शिव्या लिहिल्या, तिने सांगितलं नाही. मी बटन बिघडलं म्हणून तक्रार केली, तिने नोंदवून घेतली. माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती चार महिने गप्प राहिली. दोन्या आयदे, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत आणि मी काही शब्दांना कमी पडणारा माणूस नाही, हे या हॉलला माहीत आहे. माझ्या घरात आज माबेल आहे, निलगिरीखाली अडुसष्ट पेट्या आहेत, आणि रविवारी दारात एक जुनी गाडी उभी असते. हे तुमचं देणं आहे. पत्र पोचलं, दोन्या आयदे.

माबेलने विणलेला हा लोकरी पोंचो, डोक्यातून घालायची ही शाल, आता नगराध्यक्षांच्या हस्ते तुम्हाला देण्यात येईल. साल्तोला इथल्यापेक्षा थंडी कमी असते, पण वापरा. फोरमवरचं तुमचं खातं आम्ही बंद केलेलं नाही. नियमाप्रमाणे तुम्ही आता राखणदार नाही, म्हणून मी काल तुमचा दर्जा बदलला. कारणाचा रकाना भरावाच लागतो. त्यात काय लिहिलंय ते फक्त मला आणि विल्सनला दिसतं, आणि आम्ही सांगणार नाही.

नगराध्यक्षांनी हॉल दिला, अध्यक्षांनी गोणपाटं आणली होती, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आरियेलने अजूनपर्यंत कोकरू जाळलेलं नाही, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे.

बोलण्याच्या भरात माझ्याकडून कुणाचा मान राहून गेला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. पोटात मावला नाही तर फोरमवर खुशाल लिहा. सोमवारी माझ्या नेमणुकीच्या वेळी दोन्या आयदेंनी त्याच रकान्यात माझ्याबद्दलही काही लिहिलंय. ‘कारण: आता याला सगळ्यांचं वाचावं लागेल.’

लिहा. मी वाचीन.